कॅरोलिन्स्काच्या पोस्टडॉकसाठी होकार देण्याआधी

तू विचारलंस ते थोडक्यात असं: पुण्यातली पीएचडी संपत आलीय, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या मेंदूविज्ञानाच्या एका लॅबने दोन वर्षांच्या पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाला, होकार दिलाय, बायको डेंटिस्ट आहे, मुलगा चार वर्षांचा. यावं का, आणि इथे पुढे करिअर होतं का? मी इथेच, संस्थेच्या सोल्ना कॅम्पसवर, उंदरांच्या मेंदूवर काम करतो. जरा सविस्तर लिहितो, कारण ‘ये रे, मस्त आहे’ म्हणणारे तुला बरेच भेटतील.

नाव मोठं आहे, त्यात वाद नाही. रशियाशी झालेल्या युद्धात स्वीडनच्या हातून फिनलंड गेलं, सैनिकांचे उपचारांअभावी हाल झाले, म्हणून चांगले लष्करी सर्जन घडवायला १८१० साली ही संस्था निघाली. वैद्यकशास्त्राचं नोबेल कुणाला द्यायचं हे इथल्याच ५० प्राध्यापकांची सभा ठरवते. आपल्या विषयापुरतं बोलायचं तर नॉरअॅड्रेनलिन या मज्जातंतूंच्या संदेशवाहक रसायनावर काम करणारे उल्फ फॉन ऑयलर इथलेच, त्यांना १९७० चं नोबेल मिळालं. डोपामाइन या तशाच दुसऱ्या रसायनाच्या पेशींचे ए९, ए१० असे गट आपण पाठ करतो ना, तो नकाशा आनिका डालस्ट्रॉम आणि शेल फुक्से यांनी १९६४ मध्ये इथेच मांडला. फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेत या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली चमकतात, एवढ्या एका युक्तीवर! अलीकडचं सांगायचं तर योनास फ्रिसेन यांच्या गटाने अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ वरून माणसाच्या मेंदूतल्या पेशींचं वय काढलं. प्रौढांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मरणाशी निगडित भागात, दर बाजूला रोज सुमारे ७०० नवे न्यूरॉन (चेतापेशी) तयार होतात, हा त्यांचा २०१३ चा निष्कर्ष. त्यावर अजून वाद चालू आहे, पण वाद व्हावा असं काम आहे. स्टेन लिनार्सन यांच्या गटाने २०२३ मध्ये ३० लाखांहून जास्त पेशीकेंद्रकं वाचून मानवी मेंदूच्या पेशींची यादी केली.

आता दुसरी बाजू. ही संस्था बाहेरून एक दिसते, पण आत प्रत्येक गटप्रमुख आपापलं दुकान चालवतो. विद्यापीठ छप्पर देतं. माणसांचे पगार, उंदीर, रसायनं यांचा मोठा भाग बाहेरून आणलेल्या ग्रँटमधून (संशोधन-अनुदानातून) भागतो. त्यामुळे तुझं भवितव्य कॅरोलिन्स्काच्या नावापेक्षा त्या एका प्राध्यापकाच्या तिजोरीत काय आहे यावर जास्त अवलंबून आहे. नाव म्हणजे हमी नव्हे, हे इथे सगळ्यांना चांगलंच कळून चुकलंय. पाओलो मॅकियारिनी या सर्जनने कृत्रिम श्वासनलिका बसवल्या, रुग्ण दगावले, शंका घेणाऱ्या सहकारी डॉक्टरांचं सुरुवातीला कुणी ऐकलं नाही आणि २०१६ मध्ये कुलगुरूंनाच पायउतार व्हावं लागलं.

म्हणून पहिला प्रश्न विचार तो पगाराचा नव्हे, कराराच्या प्रकाराचा. नोकरी आहे की स्टायपेंड (नोकरीऐवजी मिळणारी शिष्यवृत्ती)? स्टायपेंडवर कर नाही, त्यामुळे महिन्याला हातात येणारा आकडा ठीकठाक दिसतो आणि आपली माणसं तिथेच भुलतात. पण स्वीडनमधली आजारपणाची भरपाई, पेन्शन, मूल आजारी पडलं तर घरी राहून मिळणारे पैसे, हे सगळं पगारी उत्पन्नावर मोजलं जातं आणि स्टायपेंड त्यात धरत नाहीत. तुला चार वर्षांचा मुलगा आहे. इथला हिवाळा आणि बालवाडीतली सर्दी ही जोडी माहीत असलेला कुणीही सांगेल, नोकरीचंच पत्र माग. पोस्टडॉकच्या नोकरीचा करार साधारण दोन ते तीन वर्षांचा असतो, आणि पीएचडी होऊन फार काळ लोटलेला नसेल तरच तो सहज मिळतो. तेव्हा ‘आधी स्टायपेंड, मग नोकरी बघू’ असं कुणी म्हटलं तर ते लेखी घे.

दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: प्राण्यांवरच्या प्रयोगांचा नैतिक परवाना आधीच आहे का, आणि तुला करायचा तो प्रयोग त्यात बसतो का? इथे असा प्रत्येक प्रकल्प प्राणी-नैतिकता समितीकडून मंजूर व्हावा लागतो, शिवाय प्राण्याला हात लावण्याआधी तुझा स्वतःचा कोर्स झालेला हवा. दोन वर्षांच्या करारात परवान्याची वाट बघण्यात काही महिने गेले की उरतं काय? तू शस्त्रक्रिया, इमेजिंग, वर्तनाच्या चाचण्या असं सगळं योजतो आहेस. प्राध्यापकाला सरळ विचार, पहिल्या तीन महिन्यांत मी काय करू शकेन? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. सोबत एखादा विश्लेषणाचा प्रकल्पही मागून ठेव, डेटा तयार असलेला.

करिअर होतं का? होतं, पण चाळणी बारीक आहे. पोस्टडॉकनंतर ‘संशोधक’ अशा पदावर बरेच जण राहतात, आणि त्यांचा पगारही ग्रँटवरच लटकलेला असतो. खरी शिडी सहायक प्राध्यापकापासून सुरू होते, आणि त्या जागा मोजक्या. स्वीडिश संशोधन परिषदेची सुरुवातीच्या संशोधकांसाठीची ग्रँट मिळाली तर दारं उघडतात. ती पीएचडीच्या तारखेपासूनची वर्षं मोजते, म्हणून पीएचडीची अधिकृत तारीख उगाच लवकर पाडून घेऊ नकोस. एकाच प्राध्यापकाच्या सावलीत मुरलेल्या माणसाला स्वतंत्र मानायला समित्या कां-कूं करतात. तोर्स्टन वीसल इथे डॉक्टर झाले, पण १९८१ चं नोबेल ज्या कामासाठी मिळालं ते त्यांनी अमेरिकेत केलं. तेव्हा कॅरोलिन्स्का हा मुक्कामच धरून येऊ नकोस. भारतात परतायचं असेल तर रामलिंगस्वामी फेलोशिप आणि इंडिया अलायन्स या संशोधकांसाठीच्या योजनांच्या अटी आत्ताच वाचून ठेव. उद्योगाचं म्हणशील तर अॅस्ट्राझेनेका या औषध कंपनीने स्टॉकहोमजवळच्या सोडरतेल्येचं संशोधन केंद्र २०१२ मध्ये बंद करायचं ठरवलं, तेव्हा मेंदूच्या औषधांवर काम करणारे अनेक जण एका दमात रस्त्यावर आले. उलट बायोआर्क्टिक ही स्टॉकहोमची छोटी कंपनी. अल्झायमरवरच्या लेकानेमॅब या औषधाचं मूळ तिच्याकडचं.

बायकोचं मात्र स्पष्ट सांगतो, कारण खरी अडचण तिथे आहे. तुला लॅबमध्ये इंग्रजीवर निभावता येईल, तिला नाही. भारतातल्या डेंटिस्टला इथे परवाना हवा तर पदवीची तपासणी, सी१ म्हणजे प्रगत पातळीचं स्वीडिश, ज्ञानचाचणी, प्रत्यक्ष कामाचा काळ, एवढं सगळं लागतं. तुझा पहिला करार संपेपर्यंत तिचं जेमतेम भाषेचंच आटोपलेलं असेल. शासनाचे स्वीडिशचे वर्ग फुकट आहेत, पण ती स्वतः यायला राजी आहे का, की तुझ्यामागून येतेय, हे दोघांनी पुण्यातच बोलून घ्या.

मुलाची काळजी करू नकोस. बालवाडीची फी उत्पन्नाच्या थोड्याशा टक्क्यांत, तीही कमाल मर्यादेसह. तो तुमच्याआधी स्वीडिश बोलू लागेल. घर मिळणं कठीण. भाड्याच्या सरकारी रांगेत वर्षं जातात, त्यामुळे पहिली दोनेक घरं दुसऱ्याकडून पोटभाड्यानेच घ्यावी लागतील. डिसेंबरात दिवस सहा तासांचा असतो, त्याची सवय होते असं मी म्हणणार नाही. आपला किराणा किस्ता या उपनगरात मिळतो, तिथे आपली बरीच माणसं राहतात.

प्रश्नांची मेल मात्र आत्ताच पाठव. अख्खा जुलै इथे सगळे सुट्टीवर असतात, आणि ऑगस्टमध्ये उघडलेल्या मेलपेटीत तुझं पत्र फार खाली गेलेलं असेल.