वाचकांचे प्रश्न : कॉफीची वाळवण आणि भाजणी

कॉफीविषयी आलेल्या पत्रांमध्ये भाजणीबद्दलची पत्रे सर्वाधिक होती. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे देताना भाजणीच्या आधीच्या कामांकडे वारंवार वळावे लागले, कारण कपातल्या ज्या दोषांचा ठपका भाजणाऱ्यावर ठेवला जातो, त्यांतले पुष्कळसे दाणा भट्टीजवळ येण्यापूर्वीच त्यात उतरलेले असतात.

प्रश्न : कॉफीच्या पाकिटांवर 'वॉश्ड', 'नॅचरल', 'हनी' असे शब्द छापलेले असतात. एकाच जातीच्या कॉफीची चव त्यांमुळे खरोखर बदलते, की ही केवळ जाहिरातीची भाषा आहे?

उत्तर : चव बदलते, आणि चांगलीच बदलते. कॉफीच्या फळात सहसा दोन दाणे असतात आणि त्यांच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटलेल्या असतात. दाण्याभोवती बाहेरून आत पाहत गेल्यास साल, गोडसर गर, बुळबुळीत थर, टणक टरफल आणि अगदी आत चंदेरी पापुद्रा असे एकावर एक थर असतात. यांतले कोणते थर वाळवणीपूर्वी काढले आणि कोणते शेवटपर्यंत तसेच ठेवले, यावरून हे तीन प्रकार ठरतात.

नॅचरल पद्धतीत अख्खे फळच उन्हात पसरतात. ही सर्वांत जुनी रीत असून इथिओपिया आणि येमेनमध्ये ती पूर्वापार चालत आली आहे. ब्राझीलमध्येही तोडणीच्या दिवसांत हवा कोरडी असल्यामुळे तिचा मोठा वापर होतो. फळ वाळायला दोन ते चार आठवडे लागतात, त्या काळात गर सावकाश आंबत राहतो आणि कॉफीला पिकलेल्या फळांचा, क्वचित मद्यासारखा गंध येतो. पाणी जवळजवळ लागत नाही, पण लक्ष मात्र सतत द्यावे लागते, कारण थर जाड झाला किंवा दिवसातून अनेकदा उलथापालथ करण्यात कसूर झाली, की आतली फळे कुजतात.

वॉश्ड पद्धतीत तोडलेली फळे आधी पाण्यात सोडतात. किडलेली आणि पोकळ फळे वर तरंगतात, ती काढून टाकली जातात. बाकीच्यांची साल त्याच दिवशी यंत्राने काढतात आणि बुळबुळीत थर असलेले दाणे हौदात आंबवायला ठेवतात. हवामानानुसार याला साधारण 12 ते 36 तास लागतात. या काळात सूक्ष्मजीव आणि विकरे त्या थरातले पेक्टिन, म्हणजे त्याला चिकटपणा देणारे द्रव्य, तोडतात, म्हणजे तो पाण्याने धुऊन जाण्याजोगा होतो. आंबवण पूर्ण झाली की नाही हे पाहण्याची जुनी पद्धत आजही मोडीत निघालेली नाही : हौदातून मूठभर दाणे घेऊन, धुऊन, तळहातांत चोळायचे. दाणे निसटत असतील तर अजून वेळ आहे. खडे चोळल्यासारखा खरखरीत स्पर्श झाला आणि तसा आवाजही आला, तर हौद ताबडतोब रिकामा करायचा. येथे चालढकल झाली तर दाणे अतिआंबतात आणि असे थोडेसे दाणेदेखील सगळ्या मालाला कुजका वास देतात. नीट धुतलेल्या कॉफीत आंबटपणा स्वच्छ आणि ठसठशीत लागतो. केनियातल्या कॉफीची कीर्ती याच पद्धतीची आहे. तेथे आंबवून धुतलेले दाणे पुन्हा स्वच्छ पाण्यात भिजत ठेवण्याची प्रथा आहे.

हनी हा मधला प्रकार. त्यात मध घालत नाहीत. साल काढतात, पण बुळबुळीत थर कमीअधिक प्रमाणात दाण्यावर ठेवून तसाच वाळवतात. कोस्टा रिकातील उत्पादकांनी तो विशेष रूढ केला. थर जितका जास्त ठेवला, तितका गोडवा आणि तितकीच जोखीम वाढते.

प्रश्न : भाजताना दाण्यातले सगळे पाणी उडूनच जाते. मग उन्हात वाळवताना दोन-चार टक्के ओलावा इकडेतिकडे झाला तर काय बिघडते?

उत्तर : या अंकातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे असे माझे मत आहे. ताज्या धुतलेल्या दाण्यात निम्म्याहून थोडे अधिक वजन पाण्याचे असते आणि ते 10 ते 12 टक्क्यांपर्यंत आणावे लागते. आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेने निर्यातीच्या कॉफीसाठी 8 ते 12.5 टक्के ही मर्यादा सुचवलेली आहे. ओलावा याहून जास्त राहिला तर साठवणीत बुरशी धरते आणि काही बुरशी ऑक्राटॉक्सिन नावाचे विष तयार करतात, जे भाजल्यावर कमी होत असले तरी पूर्णपणे नष्ट होत नाही. उलट दाणा फाजील वाळला तर ठिसूळ होतो, टरफल काढताना फुटतो आणि त्याचा गंध लवकर उतरतो.

किती पाणी गेले याइतकेच ते किती वेगाने गेले हेही महत्त्वाचे आहे. कडक उन्हात घाईने वाळवलेल्या दाण्याचा बाहेरचा भाग आवळतो आणि आतला ओलावा अडकून पडतो. मापकावर आकडा बरोबर दिसतो, पण काही आठवड्यांनी तो माल निस्तेज आणि डागाळलेला होतो. म्हणून जाणते उत्पादक जमिनीपासून उंच उभारलेल्या जाळीच्या माचांवर, खालूनही हवा लागेल अशा रीतीने दाणे पसरतात, भर दुपारी ते झाकतात आणि दाण्याचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देत नाहीत.

असा असमान ओलाव्याचा माल भट्टीत टाकला, तर कोरडे दाणे पुढे धावतात आणि ओले मागे रेंगाळतात. एकाच घाण्यात काही करपलेले, काही अर्धवट भाजलेले निघतात आणि कोणाही कसबी माणसाला ते सावरता येत नाही. इंडोनेशियातील सुमात्रा बेटावर मात्र या नियमाला मुद्दाम फाटा दिला जातो. तेथे दमट हवेमुळे दाणे सुमारे 30 ते 35 टक्के ओले असतानाच टरफल काढतात आणि उरलेली वाळवण उघड्या दाण्यावर करतात. त्यामुळे दाण्याला निळसर-हिरवी झाक येते आणि कॉफी जड, मातकट गंधाची, कमी आंबट होते. काहींना ती फार आवडते, काहींना अजिबात नाही.

प्रश्न : भाजताना दाणे तडतडतात. तो आवाज कशाचा? आणि भाजणी कुठे थांबवायची हे रंगावरून ठरवावे की आवाजावरून?

उत्तर : दोन्हींवरून, आणि वासावरूनही. भट्टीत पडल्यावर पहिली काही मिनिटे दाणा केवळ वाळत असतो. त्याचा हिरवा रंग फिका होतो आणि ओल्या गवतासारखा वास येतो. दाण्याचे तापमान 150 अंशांच्या आसपास पोहोचले की तो पिवळा पडतो. येथून अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यातली मायार अभिक्रिया जोर धरते, रंग तपकिरी होऊ लागतो आणि वास भाजलेल्या पावाच्या कडेसारखा होऊ लागतो. याच सुमारास चंदेरी पापुद्रा सुटून फोलपटे उडू लागतात.

दाण्याच्या पेशींच्या भिंती जाड असतात, त्यामुळे आत तयार झालेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांना सहज वाट मिळत नाही. दाब वाढत जातो आणि 195 ते 205 अंशांच्या दरम्यान दाणा लाहीसारखा तडकतो. हा पहिला तडका. दाणा फुगतो आणि मधली चीर उघडते. फिकट भाजणीची कॉफी हा तडका संपता संपता उतरवतात. पुढे 220 ते 230 अंशांच्या सुमारास दुसरा तडका होतो. तो अधिक बारीक आणि जलद असतो, कारण आता दाण्याची ठिसूळ झालेली चौकटच वायूच्या दाबाने मोडत असते. त्यानंतर पृष्ठभागावर तेल चमकू लागते.

या दोन तडक्यांमधल्या मोजक्या मिनिटांत चवीचे पारडे फिरते. अरेबिका जातीच्या दाण्यात 6 ते 9 टक्के असलेली साखर मध्यम भाजणीतच जवळजवळ संपते, क्लोरोजेनिक आम्ले मोडतात आणि त्यांच्यापासून कडू पदार्थ बनतात, आंबटपणा घटतो. गडद भाजणीत दाणा कोणत्या बागेतून आला हे ओळखू येईनासे होते, कारण तेथे भाजणीचीच चव सर्वांवर मात करते. सुमार माल बहुधा गडद भाजला जातो यामागचे कारण हेच आहे. वजनात फिकट भाजणीला 12 ते 14 टक्क्यांची, तर फार गडद भाजणीला 20 टक्क्यांपर्यंत घट येते.

केवळ रंगावर भिस्त ठेवू नये, असे मी सांगेन. मंद आचेवर रेंगाळत भाजलेला दाणा रंगाने अगदी योग्य दिसतो, पण त्याची कॉफी सपक आणि पुठ्ठ्यासारखी लागते.

प्रश्न : गडद भाजलेल्या कॉफीत कॅफीन जास्त असते, हे खरे का?

उत्तर : नाही. भाजताना कॅफीन फारसे घटत नाही. वजनाने मोजल्यास गडद कॉफीत ते किंचित अधिक भरते, कारण बाकीचे वजन कमी झालेले असते. चमच्याने मापल्यास किंचित कमी, कारण दाणे फुगून हलके झालेले असतात. खरा फरक जातीचा आहे : अरेबिकात साधारण 1.2 टक्के, रोबस्टात 2.2 टक्के.

प्रश्न : घरी जाड बुडाच्या कढईत कॉफी भाजून पाहिली. दाणे बाहेरून काळे झाले, तरी कॉफीला कच्च्या गवतासारखी चव आली. शिवाय काही दाणे शेवटपर्यंत फिकटच राहिले.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचे कारण आच. एक दाणा दातांनी किंवा अडकित्त्याने फोडून पाहावा. बाहेरचा आणि आतला रंग यांत मोठे अंतर असेल, तर सुरुवातीलाच आच फार होती. कढईत दाण्यांचा एकच थर राहील इतकेच घ्यावेत, हात न थांबवता हलवावेत आणि पहिला तडका साधारण 8 ते 10 मिनिटांनी येईल अशी आच ठेवावी. उतरवल्यानंतर दाणे लगेच चाळणीत ओतून वारा घालावा, कारण गरम दाणा कढईबाहेरही आतून भाजत राहतो. धूर पुष्कळ होतो, तेव्हा खिडकी उघडी असावी.

फिकट राहिलेल्या दाण्यांत आपला दोष नाही. ते कच्च्या फळांतले दाणे आहेत. त्यांत शर्करा पुरेशी भरलेली नसते, त्यामुळे रंग चढत नाही. ते वेचून टाकावेत; त्यांची चव शेंगदाण्याच्या फोलपटासारखी असते आणि ती कपात कळते.

प्रश्न : ताजी भाजलेली कॉफी त्याच दिवशी करू नये असे का म्हणतात?

उत्तर : दाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो. गरम पाणी पडताच तो उसळून बाहेर येतो आणि पाणी पुडीत नीट मुरू देत नाही. एस्प्रेसोसाठी आठवडाभर, गाळून करायच्या कॉफीसाठी दोन-तीन दिवस थांबावे. दळलेली पूड मात्र लगेच वापरावी.

प्रश्न : ओलाव्याने कॉफी बिघडते म्हणता, तर मग 'मॉन्सून्ड मलबार' कशी तयार होते?

उत्तर : सुएझ कालवा 1869 मध्ये खुला होण्यापूर्वी भारतातून युरोपला जाणारी कॉफी आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिने शिडाच्या जहाजांत असे. समुद्राच्या दमट हवेने दाणे फुगत, पिवळट पडत आणि त्यांचा आंबटपणा जात असे. प्रवास लवकर होऊ लागल्यावर ही चव नाहीशी झाली, पण तिला सरावलेले गिऱ्हाईक होते. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर ती हेतुपुरस्सर घडवली जाऊ लागली. नीट वाळवलेल्या, धुतलेल्या नसलेल्या कॉफीचे दाणे पावसाळ्यात सर्व बाजूंनी उघड्या गोदामांत पसरतात, पुन्हापुन्हा वर-खाली करतात, सैलसर पोती भरून वारा खेळेल अशी रचतात आणि काही दिवसांनी पोती बदलतात. पाऊस थेट लागू देत नाहीत. ओलावा फक्त हवेतून येतो. बारा-सोळा आठवड्यांनी दाणे फिकट सोनेरी आणि जवळपास दुप्पट फुगीर होतात. येथेही ओलावा मोकाट सोडलेला नसतो, आणि वारा थांबला तर हा मालही बुरसतो.

भाजणाऱ्यांसाठी एक सूचना : हा दाणा मऊ आणि कमी घनतेचा असल्यामुळे सुरुवातीची आच नेहमीपेक्षा कमी ठेवावी, आणि त्याचा तडका इतका दबका असतो की तो ऐकण्यासाठी भट्टीजवळून हलू नये.