वाचकांचे प्रश्न : अर्थसंकल्पाचे प्रस्ताव ताडून कसे पाहावेत?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात राहते. तिथे राज्याच्या चालू खर्चाच्या अर्थसंकल्पाचे तीन प्रस्ताव येतात : राज्यपालांचा, प्रतिनिधिगृहाचा आणि सिनेटचा. एका प्रस्तावात शिक्षणाचा खर्च वाढला असे एक बाजू सांगते आणि त्यालाच दुसरी बाजू कपात म्हणते. सामान्य माणसाने यातले खरे काय ते कसे ओळखावे? आणि आपल्या विधिमंडळात असे वेगवेगळे प्रस्ताव का येत नाहीत?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : वाढ आणि कपात हे दोन्ही दावे पुष्कळदा खरे असतात, कारण दोन्ही बाजूंनी तुलनेचा पाया वेगळा धरलेला असतो. समजा, एका खात्याला गेल्या वेळी 100 कोटी मिळाले होते आणि वेतनवाढ, महागाई व वाढलेले लाभार्थी धरता तेच काम तसेच चालू ठेवायला यंदा 110 कोटी लागणार आहेत. प्रस्तावात 106 कोटी दिले असतील, तर मागच्या आकड्याशी तुलना करणारा सहा कोटींची वाढ सांगेल आणि आजच्या कामाच्या खर्चाशी तुलना करणारा चार कोटींची कपात सांगेल. वॉशिंग्टन राज्यात प्रचलित कायद्यांनुसार चाललेले काम पुढे चालवण्याचा खर्च आधी मांडतात आणि नवे निर्णय त्यावर वेगळे दाखवतात. म्हणून तीनही प्रस्ताव त्या एकाच पातळीशी ताडावेत. माझ्या मते ही एक गोष्ट पक्की केली की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

त्यानंतर पाहायचे ते पैशाचे मूळ. केंद्राकडून येणारा निधी धरून सांगितलेला एकूण आकडा आणि राज्याच्या स्वतःच्या करांवर उभा असलेला आकडा यांत त्या राज्यात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. एका प्रस्तावाचा एकूण आकडा दुसऱ्या प्रस्तावाच्या केवळ स्वतःच्या करांवरील आकड्याशेजारी ठेवला, तर तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. रस्ते-वाहतूक आणि इमारतींसारखी भांडवली कामे यांचे अर्थसंकल्पही तिथे निराळे असतात. ते यात मिसळू नयेत.

सर्वांत जास्त वेळ मात्र काळाच्या हिशेबाला द्यावा. वॉशिंग्टनचा अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो आणि विषम वर्षाच्या 1 जुलैपासून सुरू होतो. शिवाय 2012 च्या कायद्यानुसार त्यापुढच्या दोन वर्षांचाही ताळमेळ दाखवावा लागतो. तूट भरून काढण्यासाठी एखाद्या प्रस्तावात राखीव निधीतून रक्कम उचललेली असते, एखाद्यात देणे पुढे ढकललेले असते, तर एखाद्यात नवा कर सुचवलेला असतो. राखीव निधीतून उचललेला पैसा एकदाच मिळतो. वेतनवाढ मात्र दरवर्षी द्यावी लागते. कायमचा खर्च एकदाच मिळणाऱ्या पैशावर उभा केलेला प्रस्ताव पहिल्या वर्षी कितीही उदार दिसला, तरी तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या रकान्यात त्याचे खरे स्वरूप कळते. तो रकाना न पाहता कोणत्याही प्रस्तावाचे कौतुक करू नये, असे मला मनापासून वाटते. महसुलाच्या अंदाजाची सोय तिथे चांगली आहे : तो एक स्वतंत्र परिषद करते आणि तीनही प्रस्ताव तिच्याच अंदाजांवर उभे राहतात, फक्त राज्यपालांचा प्रस्ताव आधी येत असल्याने तो आधीच्या अंदाजावर असतो. त्यामुळे वाद राहतो तो मुख्यतः अग्रक्रमांचा, उत्पन्न किती येईल याचा नव्हे. शेवटी दोन्ही सभागृहे वाटाघाटी करून एकच मसुदा संमत करतात आणि त्यातील काही भाग नाकारण्याचा अधिकार राज्यपालांना असतो. हे राज्यपाल जनतेने निवडून दिलेले असतात.

आपल्याकडे असे का होत नाही, याचे उत्तर राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 203 प्रमाणे अनुदानाची मागणी, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चाला मंजुरी मागणारा प्रस्ताव, राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही, आणि ही शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच होते. विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. विधान परिषदेला मागण्यांवर मतदानाचा अधिकार नाही आणि धन विधेयक ती 14 दिवसांपेक्षा अधिक काळ रोखू शकत नाही. विरोधकांची कपात सूचना संमत झाली, तर तो सरकारवरचा अविश्वासच मानला जातो. परिणामी आपल्याकडची खरी स्पर्धा विभागांचे प्रस्ताव वित्त विभागाकडे जातात तेव्हा बंद दाराआड होते आणि लोकांपुढे एकच मसुदा येतो. ही उणीव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून आपण तुलना करायची ती एकाच सरकारच्या वेगवेगळ्या वेळच्या आकड्यांची. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी शेजारी छापलेले असतात. मार्च 2025 मध्ये मांडलेला महाराष्ट्राचा अर्थसंकल्प 7 लाख 20 कोटी रुपयांचा होता आणि महसुली तूट 45,891 कोटी रुपये दाखवली होती. त्यानंतर पावसाळी अधिवेशनात सुमारे 57,500 कोटींच्या, तर डिसेंबरमध्ये नागपुरात सुमारे 75,286 कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाच्या मागण्या, आल्या. हे एकूण मागणीचे आकडे आहेत, तिजोरीवरचा निव्वळ भार त्याहून कमी असतो. तरीही मार्चमधल्या आकड्यावर विसंबून मत बनवणे किती धोक्याचे आहे, हे त्यातून दिसते. याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी 36,000 कोटींची तरतूद होती. दरमहा 1,500 रुपयांप्रमाणे एक कोटी महिलांना वर्षाला 18,000 कोटी लागतात, म्हणजे ही तरतूद बरोबर दोन कोटी महिलांना पुरणारी होती आणि लाभार्थी त्याहून अधिक सांगितले जात होते. अशा वेळी यादी आखडते किंवा पुरवणी मागणी येते. निवडणुकीत 1,500 चे 2,100 करण्याचे आश्वासन दिले गेले, तेव्हाही दर कोटी महिलांमागे वर्षाला 7,200 कोटी रुपये जास्त लागतील, हा हिशेब कुणालाही कागदावर करता आला असता.

प्रश्न : विदर्भाच्या वाट्याला काय आले, हे कसे पाहावे?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : पूर्वी अनुच्छेद 371(2) खालील वैधानिक विकास मंडळांचे अहवाल हा त्यासाठी मोठा आधार होता, त्यांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. आता लेखाशीर्षानुसार, म्हणजे प्रत्येक खर्चाची नोंद ज्या शीर्षाखाली होते त्यानुसार, शोध घ्यावा लागतो. घोषणेची रक्कम, विभागाला प्रत्यक्ष वितरित झालेली रक्कम आणि 31 मार्चपर्यंत खर्च झालेली रक्कम हे तीन आकडे वेगवेगळे मागावेत. जिल्हा वार्षिक योजनेसाठी तेच तीन आकडे जिल्हा नियोजन समितीच्या कार्यालयात माहिती अधिकारात मागता येतात. अर्जात वर्ष आणि लेखाशीर्ष दोन्ही नमूद करावेत, म्हणजे उत्तर मोघम येत नाही.