आजीची उपासमार, नातीची साखर

प्रश्न: माझी आई १९७३ साली, दुष्काळात जन्मली. आजी तेव्हा पोटुशी असतानाही खडी फोडायची, मिलोची (परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी खायची. आई सडपातळ, तरी पस्तिशीत मधुमेह. मी २७ वर्षांची, शाकाहारी. आता मूल हवंय. आजीची उपासमार माझ्या बाळापर्यंत पोचेल का?

उत्तर: आईचा मधुमेह दुष्काळामुळेच झाला, असं एका व्यक्तीबद्दल म्हणता येत नाही. पण धागा खरा आहे. मुलीची स्त्रीबीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे तुम्ही ज्या बीजातून घडलात, त्यानेही आजीचा तो काळ पाहिला. नेदरलँड्समध्ये १९४४-४५च्या उपासमारीत पहिल्या तिमाहीत असलेली बाळं जन्मली चांगल्या वजनाची, पण मोठेपणी त्यांच्यात हृदयविकार जास्त दिसला. नातवंडांबाबतचा पुरावा मात्र अजून विरळ आहे.

तुमच्यासाठी मोलाचं काम पुण्याचं. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. जवळपास दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व (शाकाहारातून ते कमी मिळतं) कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच गोळीतलं रूप) जास्त, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी प्रवृत्ती सर्वाधिक होती.

म्हणून फॉलिक ॲसिड सोडायचं नाही (बाळाच्या मज्जारज्जूसाठी ते हवंच), बी-१२ची जोड द्यायची. दिवस राहण्याआधी तीन महिने बी-१२, हिमोग्लोबिन आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासा. बी-१२ कमी निघालं तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, किमान एक महिना आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. डॉक्टरांना आईच्या मधुमेहाचं सांगा, तुमचीही साखर वाढलेली निघाली तर फॉलिक ॲसिडची मात्रा बदलू शकते. दूध-दही रोज घ्या. इडली-आंबोळी आंबवलेली असते म्हणून बी-१२साठी तिच्यावर विसंबू नका.

दिवस राहिल्यावर पहिल्याच भेटीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर तपासा. ती १४०च्या खाली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. दुसरी तपासणी बऱ्याचजणी टाळतात आणि नेमका तेव्हाच वाढणारा मधुमेह निसटतो.

बाळ लहानखुरं झालं तर त्याला गुटगुटीत करायची घाई नको. दिल्लीच्या पाहणीत तान्हेपणी बारीक असलेल्या आणि दोन वर्षांनंतर उंचीच्या मानाने वजन वाढत गेलेल्या मुलांना मोठेपणी मधुमेहाने जास्त गाठलं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या, पुढे उंची आणि वजन दोन्ही कार्डावर नोंदवत राहा.