ट्रान्सजेंडर व्यक्तींनी कोणतं स्वच्छतागृह वापरायचं, याचे अमेरिकेतले कायदे प्रत्यक्षात राबवतात कसे? दारावर तपासणी होते का?

दारावर कुणी तपासत नाही. तपासायला माणूसच नेमलेला नसतो, त्यामुळे ज्याला वाटेल तो ज्याला वाटेल त्याला अडवतो. माझ्या आईला अडवलं होतं.

मी नॉर्थ कॅरोलायनात राहते. इथे २३ मार्च २०१६ ला एचबी-२ हा कायदा एका दिवसात मंजूर झाला आणि त्याच रात्री गव्हर्नर मॅक्रोरींनी सही केली. सरकारी इमारती आणि सरकारी शाळांतली स्वच्छतागृहं जन्मदाखल्यावर जे लिंग असेल त्यानुसारच वापरायची, असा नियम. तो मोडला तर शिक्षा काय, दंड किती, लक्ष कुणी ठेवायचं, यातलं एक अक्षर त्यात नव्हतं.

त्या वर्षी आई माझ्या बाळंतपणाला आली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी मला दिवस गेले. सगळं नीट पार पडू दे, बालाजीला केस देईन, असा तिचा नवस होता. मुलगी झाल्याचा फोन गेला, तशी ती तिरुपतीला जाऊन नवस फेडून आली आणि मगच विमानात बसली. त्यामुळे डोक्यावर अर्ध्या बोटाएवढे पांढरे केस. बाबा गेल्यापासून कुंकू नाही, गळ्यात काही नाही. नोव्हेंबरची थंडी तिला सोसेना, म्हणून माझ्या नवऱ्याचं जाकीट, पँट आणि कानटोपी. उंची पाच फूट आठ इंच, जन्मभर शेतात राबलेले खांदे, आवाज पहिल्यापासून घोगरा.

बाळाचा जन्मदाखला घ्यायला आम्ही एका सरकारी कचेरीत गेलो होतो. बाळाला घेऊन मी रांगेत, आई एकटीच बायकांच्या टॉयलेटला गेली. दहा मिनिटं झाली तरी येईना. मग बोलण्याचा आवाज चढला म्हणून गेले, तर आई भिंतीला पाठ लावून उभी आणि गार्ड तिला ‘सर, सर’ म्हणत आयडी मागतोय. आत आलेल्या एका बाईनं त्याला बोलावलं होतं. आईला इंग्रजी येत नाही, ती नुसती ‘डॉटर, डॉटर’ म्हणत होती. त्या बाईनं मला विचारलं, हे तुझे वडील का? मी म्हटलं, आई आहे माझी. गार्ड म्हणाला, पुरावा?

मोबाइलवर तिच्या पासपोर्टचा फोटो होता, तो दाखवला. त्यात आई साडीत, अंबाडा घातलेली. गार्ड एकदा फोटोकडे बघे, एकदा तिच्याकडे. शेवटी म्हणाला, पुढच्या वेळी तुम्ही सोबत जात जा. माफी कुणीच मागितली नाही.

मी घरी येऊन तो कायदा अक्षरन् अक्षर वाचला. त्याला पासपोर्ट चालतच नव्हता, जन्मदाखला लागत होता. माझ्या आईला जन्मदाखलाच नाही. माण तालुक्यातल्या एका वाडीत १९५१ साली घरी जन्मली. तिची जन्मतारीख १ जून, गुरुजींनी शाळेत लावलेली, आणि पासपोर्ट निघाला तो शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. त्या दिवशी आम्हा तिघींत नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याला चालेल असा कागद फक्त सात आठवड्यांच्या बाळाकडे होता. शिवाय दाखल्यावरचं लिंग काही राज्यांत बदलून मिळतं, टेनेसीत मिळत नाही. म्हणजे सारखंच आयुष्य जगणाऱ्या दोन ट्रान्स बायका, पण एक कायद्यात बसते आणि दुसरी बसत नाही.

आईनं मला विचारलं, कुणाला शोधत होती गं ती माणसं? मी समजावून सांगितलं. तर म्हणाली, ‘मग त्यांनी जायाचं कुठं?’ त्यानंतर बाहेर पडायचं असलं की ती सकाळपासून पाणी सोडायची. जानेवारीत लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा मला हे कळलं.

माझा दादा अटलांटाला असतो. तो फोनवर म्हणाला, ‘तू तिला साडी नेसवायची होतीस. कायदा ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापुरता आहे.’ यावरून आमचं आजवर वाजतं. पुढे त्याचं नवं सुरू झालं, की एचबी-२ कच्चा होता, कायदा कडक हवा. कडक म्हणजे कसा? दारात कागद बघायचे, कपडे काढून बघायचं, नाहीतर चेहरा बघून तक्रार करायची. पहिली दोन कामं करायला कुठलंच राज्य दारात माणूस बसवत नाही. राहिलं तिसरं, ते आम्ही भोगलं.

फ्लोरिडानं २०२३ मध्ये सरकारी इमारतीतलं ‘चुकीचं’ टॉयलेट वापरणं फौजदारी गुन्हा केलं, पण कर्मचाऱ्यानं बाहेर जायला सांगून माणूस हलला नाही तरच. मार्च २०२५ मध्ये त्याच राज्याच्या राजधानीत, टॅलाहासीच्या विधान भवनात एका ट्रान्स विद्यार्थिनीला अटक झाली, कारण तिनंच आमदारांना आधी पत्रं लिहून कळवलं होतं की मी अमुक दिवशी बायकांच्या टॉयलेटमध्ये जाणार आहे. पोलीस वाट बघत उभे होते. पुढे तो खटलाही बारगळला. युटानं २०२४ मध्ये तक्रारींचं काम राज्याच्या हिशेब तपासनिसाच्या गळ्यात घातलं. त्याच्या ऑनलाइन फॉर्मवर काही दिवसांत दहा हजारांवर तक्रारी आल्या, जवळपास सगळ्या खोट्या, आणि तो तपासनीस स्वतःच आमदारांवर जाहीरपणे चिडला. टेक्सासनं २०२५ मध्ये दंड माणसाला न लावता संस्थेला लावला, पहिल्या वेळी २५ हजार डॉलर. आता सांगा, एवढ्या दंडाच्या भीतीनं तिथला कारकून कुणाकुणाकडे निरखून बघेल? उंच बाई, केस कापलेली बाई, आवाज जाड असलेली बाई.

आईची ती पंधरा मिनिटं होती आणि तिच्या पासपोर्टवर ‘एफ’ होतं. ज्या बाईच्या कागदावर ते नाही, तिला रोज घराबाहेर पडताना हाच हिशेब करावा लागतो. तिला वाचवायला मोबाइलमध्ये फोटो नसतो.

टॉयलेटमध्ये बायकांना असुरक्षित वाटतं हे मी नाकारत नाही, मलाही वाटलेलं आहे. पण चोरून बघणं, अंगाला हात लावणं हे एचबी-२ च्या आधीही गुन्हेच होते, आणि ते करणारा माणूस दारावरची पाटी वाचून थांबत नाही. शाळेतल्या कपडे बदलायच्या खोल्यांचा प्रश्न वेगळा आहे, त्यात मी इथे शिरत नाही. एचबी-२ मधला टॉयलेटचा भाग मार्च २०१७ मध्ये रद्द झाला, त्यामुळे मी लिहिलंय ते माझ्या राज्यातलं तेव्हाचं आहे.

आई पुन्हा येतेय. आता चौऱ्याहत्तरची आहे, गुडघे दुखतात, साडीत जिना चढवत नाही म्हणते. दादा हे वाचेलच, म्हणून इथेच सांगते. विमानतळावर तिला घ्यायला येशील तेव्हा साडी आणू नकोस. पाण्याची बाटली आण, आणि वाटेत गाडी थांबवून तिला टॉयलेटच्या दारापर्यंत तू सोबत जा.