बंबलबी पायथनचे डोके उलटे होते, दवाखाना म्हणतो संसर्ग: इंजेक्शनापूर्वी हे वाचावे

नमस्कार. भक्ष्यावर झेप घेताना नेम चुकतो, खाण्याच्या गडबडीत डोके पूर्ण उलटे होते, एरवी मात्र भूक, वजन आणि कात टाकणे सारे व्यवस्थित आहे, असे आपण आपल्या बंबलबी बॉल पायथनविषयी, म्हणजे या छोट्या आफ्रिकी अजगराविषयी, लिहिले आहे. आणि त्यावर दवाखान्याने मेंदूचा संसर्ग ठरवून इंजेक्शने सुचवली आहेत. हे वाचताना माझ्याच सापाचे जुने कागद कोणीतरी समोर ठेवले आहेत असे वाटले. तापमान, आर्द्रता, लपण्याची जागा हे आपण सांभाळत असालच, म्हणून त्यावर शब्द खर्च करीत नाही. मी पशुवैद्य नाही. पुढचे सारे एका पाळणाऱ्याचे मत समजावे आणि औषधाचा निर्णय सरपटणाऱ्या प्राण्यांवर नियमित उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

बंबलबी हा एक मॉर्फ, म्हणजे जनुकांमुळे आलेला रंगनक्षीचा प्रकार; त्यात स्पायडर आणि पेस्टल या दोन जनुकांचा मेळ असतो. विक्रेत्याने हे सांगितले नसेल तर नवल नाही, कारण या व्यापारातील नावे मोठी फसवी आहेत. किलर बी, क्वीन बी, हनी बी, स्पिनर या सर्वांत स्पायडर आहे, पण नावात तो शब्द कुठेही येत नाही. आज जगात जितके स्पायडर बॉल पायथन आहेत, ते सारे 1999 मध्ये आफ्रिकेतून आणलेल्या एका सापाचे वंशज मानले जातात आणि नक्षीबरोबर डोके डुलण्याचा, उलटे होण्याचा हा दोषही त्याच्याकडूनच आला आहे. साध्या सापाशी जोडी लावली तर सरासरी निम्मी पिल्ले स्पायडर निघतात, आणि त्यांतील प्रत्येकात हा दोष कमीअधिक प्रमाणात असतोच. काहींमध्ये तो इतका सौम्य असतो की केवळ खाण्याच्या वेळी मानेत हलका कंप दिसतो, तर काहींना सरळ रेषेत सरपटणेही जमत नाही. वूमा आणि शॅम्पेन या मॉर्फमध्येही असेच डुलणे आढळते.

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्पायडर आणि साध्या बॉल पायथनचे अंतर्कर्ण सूक्ष्म सीटी स्कॅन करून ताडून पाहण्यात आले. सापाला बाहेरचा कान किंवा कानाचा पडदा नसला तरी तोल सांभाळणारा अंतर्कर्ण असतोच. स्पायडरमध्ये त्यातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि सॅक्युलस नावाची पिशवी यांची घडणच बिघडलेली आढळली. रंगपेशी आणि अंतर्कर्णाचे काही भाग यांचा भ्रूणावस्थेत एकमेकांशी संबंध असतो. पांढऱ्या मांजरांत आणि डाल्मेशियन कुत्र्यांत बहिरेपणा अधिक दिसतो त्यामागे हेच कारण आहे, आणि स्पायडरमध्येही काहीसे तसेच घडत असावे असा तर्क आहे. म्हणून ‘वयाबरोबर जाईल’ हे विक्रेत्याचे म्हणणे मनावर घेऊ नये. लक्षणे ताणानुसार कमीजास्त दिसतात, पण अंतर्कर्णाची घडण बदलत नाही.

आता त्या इंजेक्शनांविषयी, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले. आम्ही गेलो त्या दवाखान्यात साप टेबलावर ठेवताच उलटा झाला, आणि पाचदहा मिनिटांत संसर्ग हे निदान लिहून अमिकासिन या प्रतिजैविकाचा कोर्स सुरू करण्यात आला. मॉर्फ कोणता, आईवडील कोणते, हे कधीपासून आहे, यांपैकी एकही प्रश्न विचारला गेला नाही. रक्त तपासले नाही, विषाणूसाठी नमुना घेतला नाही. अमिकासिन हे उपयोगी औषध आहे आणि खऱ्या संसर्गात सापांना ते दिलेही जाते, परंतु ज्या गटातील ते आहे तो गट मूत्रपिंडावर आणि अंतर्कर्णातील तोल सांभाळणाऱ्या पेशींवर विपरीत परिणाम करू शकतो, हे कोणत्याही औषधशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. ज्याचा अंतर्कर्ण जन्मतःच सदोष आहे त्याला, कोणतीही तपासणी न करता आणि शरीरातील पाण्याचे प्रमाण न पाहता, हे औषध देण्यात आले. प्रत्येक इंजेक्शनासाठी धरणे, दाबणे, डब्यातून नेणे आणले, आणि प्रत्येक वेळी डुलणे अधिकच वाढले. ते वाढले म्हणून कोर्सही वाढवला गेला. पुढे त्याने खाणेच सोडले. हे सारे त्या औषधामुळेच झाले असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही, पण नोंदी मागितल्यावर ‘आम्ही लक्षणांवर उपचार करतो’ एवढेच उत्तर मिळाले, याचा राग मात्र आजही आहे.

याचा अर्थ प्रत्येक डुलणारा स्पायडर निरोगीच असतो असा नाही. डुलणे अंड्यातून बाहेर आल्यापासूनचे आहे की परवापर्यंत नीट असलेल्या सापात अचानक आले, हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा. अचानक आले असेल, सोबत खाल्लेले ओकणे, तोंड उघडे ठेवणे, सुस्ती किंवा मान मागे टाकून वर पाहत राहणे असेल, तर थांबू नये. इन्क्लूजन बॉडी हा सापांचा आजार, ज्याचा रेप्टारेनाव्हायरस या विषाणूशी असलेला संबंध 2012 मध्ये पुढे आला, पायथनमध्ये झपाट्याने बळावतो. त्यासाठी पीसीआर तपासणीचा आग्रह धरावा आणि निकाल येईपर्यंत घरातील इतर साप पूर्ण वेगळे ठेवावेत. बिघडलेल्या थर्मोस्टॅटमुळे झालेला अतिउष्मा, माइट्स या अंगावरील बारीक परजीवींसाठी फवारलेले कीटकनाशक, मेट्रोनिडॅझोल या औषधाची जास्त मात्रा, डोक्याला लागलेला मार, ही कारणेही तशीच लक्षणे देतात. तारखांसह मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवावे, एक शांत असतानाचे आणि एक खातानाचे. डॉक्टरांपुढे तोंडी वर्णनापेक्षा तेच अधिक चालते.

रोजच्या सांभाळात मी फार थोडे बदल केले. उंच फांद्या काढल्या, पाण्याचे भांडे उथळ आणि जड घेतले, हाताळणे कमी केले. खाण्याची पद्धत मात्र पूर्ण बदलावी लागली. जिवंत उंदीर अशा सापाला कधीही देऊ नये, कारण नेम चुकल्यावर उंदीरच त्याला चावतो. गोठवलेला उंदीर वितळवून, कोमट करून, लांब चिमट्याने तोंडासमोर स्थिर धरावा. हलवून दाखवला की साप चेकाळतो, डोके भक्ष्याच्या पलीकडे जाते आणि मान मळसूत्रासारखी पिळत जाते. पकड बसली की चिमटा सोडून मागे व्हावे. पोट वर करून, उलट्या डोक्याने गिळताना पाहून जीव कासावीस होतो, पण त्या वेळी सरळ करायला हात घालू नये.

आपण शेवटी विचारले आहे की पुढे त्याची जोडी लावावी का. माझे उत्तर नाही असे आहे, आणि ते अनेकांना आवडणार नाही. कमी डुलणारे आईवडील निवडले की पिल्ले सुधारतात हा दावा ब्रीडर वर्षानुवर्षे करीत आले आहेत, परंतु सौम्य जोडीतूनही गंभीर पिल्ले निघतात आणि दोष वगळून केवळ नक्षी राहिलेला स्पायडर आजवर कोणी दाखवलेला नाही. कॉर्न स्नेक या दुसऱ्या जातीच्या सापातील स्टारगेझर या तशाच आनुवंशिक दोषाची गोष्ट वेगळी आहे. तो अप्रभावी, म्हणजे आईवडील दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्याने वाहक साप निरोगी दिसतात, आणि चाचणी जोड्या लावून वाहक ओळखून त्यांना बाजूला ठेवता येते. स्पायडरमध्ये बाजूला ठेवायचे म्हटले तर सगळेच ठेवावे लागतात. नवा साप घेताना म्हणूनच मॉर्फच्या व्यापारी नावावर समाधान न मानता त्यातील प्रत्येक जनुकाचे नाव लेखी मागावे. देणारा टाळाटाळ करू लागला तर तिथे घेऊ नये. आपला साप खातो आहे आणि वजन राखतो आहे, तेव्हा इंजेक्शन दोन दिवस पुढे ढकलून आधी पीसीआरसाठी नमुना द्यावा, आणि डॉक्टरांना मॉर्फमधील जनुके आपणहून सांगावीत.