पोरीचं नाव अजून माहेरच्या यादीत

प्रश्न : आमचं गाव गारगोटीजवळ. विधानसभेला आमच्या केंद्रावर ऐंशी टक्क्यांच्या वर मतदान झालं. मुलगा कोल्हापुरात पेठेत राहतो, त्याच्या अपार्टमेंटमधल्या निम्म्या लोकांच्या बोटाला शाई नव्हती. मग खेडं जास्त जागरूक म्हणायचं, का दबावाखालचं? आणि सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, यादीत त्यांचं नाव तसंच आहे. काय करू?
– एक वाचक भगिनी, भुदरगड तालुका

उत्तर : ताई, प्राथमिक शाळेत शिकवता शिकवता मी बरीच वर्षं बीएलओचं, म्हणजे भागाची मतदार यादी सांभाळण्याचं काम केलं. त्यामुळं टक्केवारी ऐकली की मी आधी यादी आठवते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला राज्यात ६६ टक्के मतदान झालं आणि आपल्या जिल्ह्यातल्या करवीर मतदारसंघात ८४ च्या वर. जागरूकता असेलही. पण खरं सांगू? गावात मत न देणारा दिसतो. केंद्रापासून दूर टेबल टाकून गटाची पोरं यादी घेऊन बसलेली असतात, आलेल्याच्या नावावर पेन्सिलीची रेघ. दुपारी तीनला दारात हाक येते, "काकी, तुमच्या घरची दोन राहिलीत की!" भावकी, दूध डेअरी, सेवा सोसायटी, सगळीकडं तीच माणसं भेटणार. कुणाला दिलं ते कळत नाही, दिलं का नाही ते मात्र संध्याकाळपर्यंत गावभर. पेठेतल्या फ्लॅटमध्ये शेजारच्याला नावच माहीत नसतं, हाक मारणार कोण? याला मी दबाव म्हणणार नाही, लाज म्हणेन. गाडी पाठवून मतदार आणणं मात्र कायद्यानं भ्रष्ट प्रकार आहे. ते सर्रास चालतं हा भाग वेगळा.

आता यादीकडं या. समजा भागात १००० नावं आणि मतं पडली ७२०. म्हणजे ७२ टक्के. पण त्यात ६० मयत, १२० पुण्या-मुंबईला (त्यांतलं कुणी आलं नाही असं धरा) आणि ५० लग्न होऊन गेलेल्या पोरी. गावात उरले ७७०, म्हणजे खरं मतदान ९३ टक्क्यांच्या पुढं!

या पोरींचंच मला जास्त लागतं. माझ्या भागात कागलकडच्या एका घरात सात नावं होती आणि माणसं तीन. दोन मुली निपाणीला दिलेल्या. म्हणजे राज्यच बदललं, नावं मात्र इकडं. आजोबा म्हणाले, "बाई, काढू नका, पोरगी यादीत तरी घरची राहू दे." मला पुढं बोलवेना. पण त्या पोरींनी लग्नानंतर एकदाही मत दिलं नव्हतं, ना इथं ना तिथं. देशभरात २०१९ आणि २०२४ च्या लोकसभेला बायकांची टक्केवारी पुरुषांपेक्षा जराशी जास्त होती. म्हणजे बायका मतदानाला येतात, नाव हाताशी हवं.

मुळात पोरीच कमी, हेही आहेच. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. त्या पिढीतले आज पंचविशी-तिशीचे मतदार. पाटलांच्या पोराला मुलगी मिळत नाही म्हणून गाव हळहळतं, त्याच वयाच्या मतदार बायका कमी का, हे कुणी विचारत नाही.

सासूबाईंसाठी फॉर्म ७ भरा. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार तो देऊ शकतो, पैसे लागत नाहीत. मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडून बीएलओकडं किंवा तहसीलच्या निवडणूक शाखेत द्या. घरातली मुलगी सासरी गेली असेल तर तिला तिकडून फॉर्म ८ भरायला सांगा, पत्त्याचा पुरावा सासरचा. त्यानं जुनं नाव निघून नवीन ठिकाणी लागतं. अडलं तर १९५० वर फोन करा. आणि फॉर्म दिल्याची पोच मागून घ्या, "नंतर या" म्हटलं तरी तिथून हलू नका.