पाऊल आत वळतंय, टाच टेकत नाही : बोटॉक्स द्यावं का?

वडिलांना पक्षाघात होऊन आठ महिने झालेत, पाऊल आत वळतं, टाच टेकत नाही आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनच्या गोळ्यांनी ते दिवसभर पेंगतात, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे रुग्ण रोज पाहते. ताठरपणा मुख्यतः घोट्याशीच असेल तर बोटॉक्सचा, म्हणजे ताठर स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, विचार जरूर करा. गोळी सगळ्या शरीरावर काम करते, चांगली बाजूही ढिली पाडते.

त्याआधी तुमच्या थेरपिस्टला एक तपासायला सांगा. गुडघा सरळ ठेवून पाऊल अगदी सावकाश वर न्यायचं, मग तेच झटकन. सावकाश नेल्यावर पूर्ण येतं आणि झटक्याने अडतं, तर ती स्पास्टिसिटी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे स्नायूत आलेला ताठरपणा. सावकाशही येत नसेल तर पोटरी आखडून लांबीलाच कमी झाली आहे. त्यावर बोटॉक्स चालत नाही. तिथे स्प्लिंट (पाऊल नीट स्थितीत धरून ठेवणारा आधार) किंवा टप्प्याटप्प्याने बदलत जाणारं प्लास्टर लागतं, फारच आखडली असेल तर शस्त्रक्रिया. बऱ्याच जणांत दोन्ही थोडं थोडं असतं.

इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, चार ते सहा आठवड्यांत पुरता दिसतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. पुढचा डोस १२ आठवड्यांच्या आत सहसा देत नाहीत. आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे : बोटॉक्सने पाय सैल होतो, पण नुसत्या सैल पायाने चालणं फारसं सुधारत नाही. त्या आठवड्यांत रोज टाच टेकवून त्या पायावर भार घेणं, पोटरी ताणणं, घोट्याचा स्प्लिंट घालून पावलं टाकणं झालंच पाहिजे. थेरपीची वेळ आधी ठरवा, इंजेक्शनची तारीख मग घ्या.

मांडीचा कडकपणा मात्र सरसकट काढायला सांगू नका. स्नायूत जोर नसताना कित्येक जण त्याच कडकपणाच्या आधारावर उभे राहतात. तो गेला की गुडघा दुमडतो आणि माणूस पडतो.

बॅक्लोफेन स्वतःहून एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळूच कमी करायचं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तोही सांगा, त्यात हे औषध अंगात साठून गुंगी वाढते. टिझॅनिडिन हे ताठरपणाचंच दुसरं औषध दिलं तर यकृताच्या तपासण्या आणि रक्तदाब पाहावा लागतो. त्याच्यासोबत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालत नाही.

कडकपणा अचानक वाढला तर आधी बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, आत रुतलेलं नख, स्प्लिंटखाली आलेली जखम शोधा. मेंदूपर्यंत दुखणं नीट पोचत नसलं तरी पाय मात्र ताठरतो.

डॉक्टरांकडे जाताना अनवाणी आणि स्प्लिंट घालून चालण्याचे, समोरून व बाजूने काढलेले व्हिडिओ न्या. आणि कोणत्या स्नायूत, कशासाठी इंजेक्शन देणार, हे सरळ विचारा.